धानाच्या चुकाऱ्यातून पहिला कॅमेरा: बॉडीवर किती, लेन्सवर किती?

मागच्या आठवड्यात रेकॉर्ड केलेला भाग थोडा नीटनेटका करून इथे टाकतोय. आकडे कानाने लक्षात राहत नाहीत, म्हणून.

प्रश्न आमच्या अड्याळमधूनच आला. मामाचा मुलगा म्हणाला, "दादा, धानाचा चुकारा आला की बाबा ४० हजार देतो म्हणतात. कोणता कॅमेरा घेऊ?" त्याला मंडईतली दंडार, झाडीपट्टीची नाटकं शूट करायची आहेत, लग्नाच्या छोट्या ऑर्डरी घ्यायच्या आहेत. आणि हो, सारसही पाहिजे! घरात ४० हजार पुन्हा लवकर येणार नाहीत, त्यामुळे "घे रे कोणताही" म्हणून चालत नाही.

मी त्याला विचारलं, पैसे कशातून परत येणार? दंडार आणि लग्न. म्हणजे रात्र, कमी उजेड, हलणारी माणसं. इथं बॉडीपेक्षा लेन्स जास्त काम करते. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ किट लेन्स ३५ मिमीवर साधारण एफ/४.५ पर्यंतच उघडते. ३५ मिमी एफ/१.८ ची प्राइम लेन्स (झूम नसलेली) घेतली तर? ४.५ भागिले १.८ म्हणजे २.५, त्याचा वर्ग ६.२५. सहापट उजेड! किट लेन्सला आयएसओ ६४०० लागतो तिथे १००० मध्ये भागतं, फोटोत दाणे कमी. किंवा आयएसओ तोच ठेवून शटर १/३० वरून १/२०० च्या जवळ नेता येतं, म्हणजे नाचणाऱ्याचे हात पुसट होत नाहीत. ही लेन्स निकॉनच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर लावून स्टेजपासून ५ मीटरवर उभं राहिलं, की उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत बसतो.

आता सारस. भंडारा-गोंदियाकडचा हा पक्षी दीड मीटरहून उंच असतो. १.६ मीटर धरू. ६० मीटरवरून ५५ मिमीने काढला तर २४ मेगापिक्सेलच्या फोटोत त्याची उंची जेमतेम ३७५ पिक्सेल भरते. ३०० मिमीने २००० च्या वर, फ्रेमच्या निम्म्याहून जास्त. म्हणजे सारसासाठी वेगळी लेन्सच लागणार. तिचे पैसे आज नाहीत, तर नाहीत. जवळ जाऊन भागवू नको बावा, धानाच्या बांधीत त्याचं घरटं असतं.

बॉडी? नवी मिररलेस डोळ्यावर फोकस धरते, मस्त असते. पण ४० हजारांत ती चांगल्या लेन्ससकट बसवणं अवघड. मी जुन्या डीएसएलआरकडे वळलो. निकॉन डी३५०० (२०१८ चा) एका चार्जवर कंपनीच्या मोजणीनुसार १५५० फोटो देतो. रात्रभराच्या नाटकाला ही मोठी गोष्ट आहे. पण त्याला बाहेरचा माइक लावायची जागाच नाही. लग्नाचा व्हिडिओ घेणार असशील तर डी५६०० बघ, त्यात ती आहे. दोघांच्याही बॉडीत फोकसची मोटर नाही. कोणी स्वस्तात 'एएफ-डी' लेन्स गळ्यात मारली तर फोकस हाताने फिरवत बसावं लागेल. लेन्सवर 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' लिहिलेलं असू दे.

जुना घेताना शटर किती वेळा पडलंय ते विचारायचं. या वर्गात साधारण १ लाखाचा अंदाज धरतात; ८० हजार झालेला असेल तर भाव पाडायचा, नाही तर सोडायचा. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारायचा: आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं, तर ती बुरशी. आपल्याकडे तळी, बांध्या, चार महिने ओल. घरी आणल्यावरही लागते. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवायचा, कपाटात कपड्यांखाली नाही.

त्यानं आता भावाची यादी काढलीय: डी५६०० बॉडी आणि ३५ मिमी. किट लेन्स फुकट मिळाली तर घेणार, त्यासाठी वर पैसे देणार नाही. चुकारा अजून यायचाय.