दवाखान्याची रोजकीर्द

जळगावच्या नवी पेठेत किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर ज्या घरांची दुकाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत, त्यांना रोजकीर्दीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. दिवसाचा व्यवहार त्याच दिवशी चढला पाहिजे, खोडाखोड होता कामा नये आणि वर्षाअखेर ताळा जुळलाच पाहिजे, हे संस्कार मुलांना गादीवरच मिळतात. त्याच पेठेतील घरोब्याच्या डॉक्टरांकडे दिवसभर रुग्णांची रीघ असते. त्यांच्या आजाराची हकीकत मात्र बहुधा एका चिठ्ठीवर उमटते आणि ती चिठ्ठी रुग्णाबरोबर घरी जाते. दवाखान्यात अनुभव साठतो, पण त्याची खतावणी होत नाही.

ही खतावणी झाली तर काय घडू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. जालना जिल्ह्यातील देहेड गावचे डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि मुले डोळ्यांदेखत दगावत होती. दंशानंतर घाम केव्हा सुटतो, नाडी कशी चालते, हातपाय कधी गार पडतात, फुप्फुसात पाणी केव्हा भरते, हे त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून टिपले. १९८२ साली ही निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या ख्यातनाम नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन हे स्वस्त औषध या दंशावर उपयुक्त ठरते, हे त्यांनी दाखवून दिले. एकेकाळी जवळपास ४० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण सुमारे १ टक्क्यावर आले. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी ७० रुग्णांवरील चाचणी मांडली. ३५ जणांना केवळ प्राझोसिन आणि ३५ जणांना त्याच्या जोडीला विंचवाची प्रतिलस देण्यात आली होती. जोड-उपचार घेतलेले रुग्ण लवकर सावरले. २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली. हे सारे महानगरातील प्रयोगशाळेत नव्हे, तर महाडसारख्या तालुक्याच्या गावी घडले.

अशा कामात एकट्या डॉक्टरचे डोळे पुरत नाहीत. डॉक्टर पुढच्या रुग्णाकडे वळतात, तेव्हा नाडी मोजणारी आणि वेळ टिपणारी व्यक्ती परिचारिका किंवा कंपाउंडर असते. शिक्षण कमी असले तरी माणूस हे काम शिकू शकतो, हे गडचिरोलीत सिद्ध झाले आहे. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातील स्त्रियांना नवजात बाळाचे वजन करणे, ताप पाहणे, श्वास मोजणे आणि प्रत्येक गोष्ट नमुना-पत्रावर भरणे शिकविले. डॉक्टर ठरावीक दिवसांनी गावात येऊन नोंदी पडताळून पाहत. ३९ गावांत घरोघरी बाळांची देखभाल झाली आणि ४७ गावांशी तुलना करण्यात आली. देखभालीच्या गावांत दर हजार जन्मांमागे ६२ असलेले नवजात मृत्यू सुमारे २५ वर आले. हा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०११ साली केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरच्या घरी नवजात देखभाल हा कार्यक्रम देशभर सुरू केला. जगाने हा आकडा मानला, कारण त्यामागे पडताळलेल्या नोंदी होत्या.

मग दवाखान्यातील माणसांनी नेमके काय शिकावे? पहिला धडा नोंदीचा. जे पाहिले तेच लिहावे. जे पाहिले नाही, ती जागा अंदाजाने भरू नये. चूक झाल्यास खोडरबर न वापरता एक सरळ रेघ मारून शेजारी बरोबर आकडा, तारीख आणि सही करावी. मूळ आकडा वाचता आलाच पाहिजे. दुकानात वह्या बदलणाऱ्याला काय म्हणतात, हे व्यापाऱ्यांना सांगावे लागत नाही. दवाखान्यात तीच लबाडी पुढच्या रुग्णाच्या जिवावर उठते.

दुसरा धडा संमतीचा, आणि तो अधिक कठीण. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ सालची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की संशोधनाला नीतिमत्ता समितीची मान्यता हवी आणि रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती हवी. औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत. परंतु कागदावरचा अंगठा म्हणजे संमती नव्हे. डॉक्टरसाहेबांना ‘नाही’ कसे म्हणायचे, या संकोचाने मान डोलावणारे रुग्ण आपल्याकडे असंख्य. म्हणून अहिराणी बोलणाऱ्या आजीला तिच्याच बोलीत समजावणे, नकार दिला तरी उपचारात काडीचाही फरक पडणार नाही असे सांगणे आणि तसेच वागणे, हे शिकवावे लागते.

येथे व्यापारी घरांचाही थेट संबंध येतो. दुकानातील, गोदामातील किंवा जिनिंगमधील कामगाराला शेठजीच आपल्या डॉक्टरांकडे पाठवितात, अनेकदा बिलही भरतात. अशा कामगाराला संशोधनात सामील व्हायला सांगितले, तर त्याची संमती खरोखर त्याचीच आहे का? मालकाच्या उपकाराचे ओझे तिच्यावर असता कामा नये. त्याच्या आजाराची नोंद मालकाच्या कानी जाऊ नये. ‘आमचाच माणूस आहे, सांगा की काय झालंय’ या आपुलकीच्या प्रश्नालाही प्रशिक्षित परिचारिकेने नम्रपणे नकार द्यावा आणि शेठजींनी तो नकार मानाने घ्यावा.

जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत वैद्यकीय महाविद्यालये आहेत. अशा संस्थांशी जोडून घेतल्यास लहान दवाखान्यालाही मार्गदर्शन मिळू शकते. ज्या घरांतील मुले-मुली आज डॉक्टर होऊन पेठेत पाटी लावत आहेत, त्यांनी सुरुवात साधी करावी: एक आजार, एक वही आणि ती नीट लिहिण्यास शिकविलेला एक माणूस. त्या माणसाला कामाच्या वेळेतच शिकण्यास अवसर द्यावा आणि त्या वेळेचा पगार कापू नये. आणि वही तपासताना त्याला निर्भयपणे म्हणता यावे, ‘साहेब, हा आकडा मी पाहिलेला नाही, म्हणून लिहिलेला नाही.’