जनपदोद्ध्वंस, टाळेबंदी आणि व्यक्तिस्वातंत्र्य

प्रकृती, आहार, बल, सात्म्य व वय भिन्न असूनही असंख्य माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने का मरतात, हा चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात अग्निवेशाने विचारलेला प्रश्न वैद्यवर्गास परिचित आहे. वायू, जल, देश व काल हे सर्वांना समान असतात, हे आत्रेयांचे उत्तर. टाळेबंदीचा विचार वैद्याने येथूनच आरंभावा. पथ्य मोडणारा प्रमेही मुख्यतः स्वतःची हानी करतो; त्यास आपण समजावतो, कोंडत नाही. कोविडमध्ये मात्र ‘माझी प्रकृती, माझा निर्णय’ हा युक्तिवाद अपुरा पडतो, कारण श्वासाचा वायू सामायिक आहे.

परंतु त्याच अध्यायात वायू आदींच्या वैगुण्याचे मूळ अधर्म व प्रज्ञापराध सांगताना देश-नगरांच्या प्रमुखांकडेही बोट दाखविले आहे. निर्बंध घालणाराही उत्तरदायी ठरतो. २ जुलै २०२० रोजी ठाणे व कल्याण-डोंबिवली महापालिका क्षेत्रांत पुन्हा कडक टाळेबंदी लागू झाली; ती १९ जुलैपर्यंत वाढविण्यात आली. औषधालयांना सवलत होती, रोजंदारीवरील मजुराला नव्हती. लोकल सर्वसामान्यांना बंद असताना कामावर जाणाऱ्यांच्या डोंबिवलीत बससाठी लांबच लांब रांगा लागत. तेथे धोका टळला नाही, रुळांवरून रस्त्यावर आला एवढेच. (बस पकडणाऱ्याला स्वातंत्र्याची तात्त्विक चर्चा करण्यास सवड कोठून?)

१५ ऑगस्ट २०२१ पासून लसीच्या दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकल खुली झाली. पुढे २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की कोणावरही लसीकरणाची सक्ती करता येत नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी निर्बंध घालता येतात, मात्र ते धोक्याच्या प्रमाणात हवेत. प्रस्तुत लेखकास ही मात्रेचीच भाषा वाटते. औषध योग्य असूनही मात्रा व काल चुकल्यास अपाय होतो, हे आपणांस वेगळे सांगावयास नको.

आयुष मंत्रालयाने १ एप्रिल २०२० रोजी कोविडवरील उपचारांच्या दाव्यांची प्रसिद्धी रोखण्याचा आदेश काढला. काहींना तो व्यवसायस्वातंत्र्यावरील घाला वाटला. मला तो आवश्यक वाटतो. काढा घेणाऱ्यास आपण निर्धोक झालो असे वाटले, तर त्याची निवड स्वतंत्र राहत नाही, ती आपल्या शब्दांनी फसलेली असते. आणि परिणाम त्याच्या घरातील वृद्धांनाही भोगावे लागतात. मुखपट्टी, अंतर व खेळती हवा यांना काढा पर्याय नाही, एवढे वाक्य औषधालयचालकांना पुडी देतानाच सांगता येते. पावतीवर छापल्यास अधिक उत्तम.