वाहनातील वातानुकूलन यंत्राची निगा व सुरक्षित दुरुस्ती

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, ऊस व साखर कारखाना ही काही नवी गोष्ट नव्हे. प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाले. त्या काळी कोयता व बैलगाडी ही ऊसतोडणी व वाहतुकीची मुख्य साधने होती. आज त्यांच्या जोडीला ट्रॅक्टर, मालमोटार व ऊसतोडणी यंत्र आले आहे. तोडणी मजुरांची टंचाई भासू लागल्याने राज्य शासनाने २०२३ साली ऊसतोडणी यंत्राच्या खरेदीसाठी अनुदानाची योजना आखली. या यंत्रांच्या बंद केबिनमध्ये वातानुकूलन, म्हणजे ज्यास आपण नेहमीच्या बोलण्यात एसी म्हणतो, ते बसविलेले असते. मोठ्या ट्रॅक्टरांच्या केबिनमध्येही ते येऊ लागले आहे. मध्यम व जड मालमोटारी नव्याने बांधताना चालकाच्या केबिनला एसी बसविणे २०२५ सालापासून सक्तीचे झाले आहे.

धूळ, पाचटाची कुसे व उन्हाचा ताप यांत दिवसभर काम करणाऱ्या चालकास एसी ही केवळ चैन नव्हे. त्यायोगे त्याचे आरोग्य राखले जाते व काम बिनचूक होते. परंतु हे यंत्र बिघडले म्हणजे गावातील कोणीही जाणकार पाना घेऊन ते खोलू पाहतो. इंजिनच्या इतर भागांप्रमाणे हा भाग खोलता येत नाही. त्यात दाबाखाली कोंडलेला वायू असतो. तो अंगावर आल्यास डोळे जाऊ शकतात व कातडी गोठते. यास्तव या यंत्राचे कोणते काम मालकाने वा चालकाने स्वतः करावे आणि कोणते करू नये, हे येथे सांगितले आहे.

यंत्र कसे चालते

हातावर स्पिरिट ओतले असता ते उडून जाताना हात गार पडतो. माठातील पाणी पाझरून वाळते, म्हणून आतील पाणी थंड राहते. द्रवाची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता शोषून घेतो. एसीचे सर्व कार्य याच नियमावर चालते.

बहुतेक वाहनांत यासाठी आर-१३४ए नावाचा वायू वापरतात. मोकळ्या हवेत तो उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतो. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर हा वायू दाबतो, त्यामुळे तो तापतो. हा तापलेला वायू रेडिएटरजवळ बसविलेल्या कंडेन्सरच्या जाळीतून जाताना बाहेरच्या हवेने निवतो व त्याचा द्रव होतो. पुढे एका बारीक झडपेतून तो केबिनमधील कूलिंग कॉइलमध्ये शिरतो. तेथे दाब एकाएकी कमी होतो, द्रवाची वाफ होते व कॉइल थंडगार पडते. पंखा त्या कॉइलवरून हवा फेकतो आणि केबिन गार होते. तीच वाफ पुन्हा कॉम्प्रेसरकडे जाते व चक्र पुन्हा सुरू होते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. डिझेल जळून संपते, तसा हा वायू संपत नाही. तोच वायू वर्षानुवर्षे फिरत राहतो. तेव्हा "गॅस संपला, भरून टाका" हे म्हणणे अपुरे आहे. गॅस बराच कमी झाला असेल तर तो कोठून तरी गळला आहे. ती जागा शोधून बुजविल्याशिवाय नवा गॅस भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे होय. दरवर्षी गॅस भरून घेणाऱ्या मालकाचा पैसा हवेत जातो. शिवाय गॅसबरोबर वंगण-तेलही निघून जात असल्याने शेवटी महागाचा कॉम्प्रेसर जखडतो.

धोका कोठे आहे

मोटारगाडीच्या चाकात हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलो असतो. एसी चालू असता कंडेन्सरकडील नळीत हाच दाब १४ ते १८ किलोपर्यंत जातो. इंजिन बंद केले म्हणजे धोका टळला, असेही नाही. चाळीस अंश उन्हात नुसत्या उभ्या असलेल्या वाहनातही आतील दाब सुमारे ९ किलो राहतो. अशा वेळी नट सैल केला तर वायू जोराने बाहेर पडतो व त्याच क्षणी उकळतो. त्याचा फवारा कातडीवर पडल्यास ती गोठते. डोळ्यात गेल्यास दृष्टी गमावण्याचा संभव असतो.

हा वायू हवेपेक्षा जड आहे. गॅरेजच्या खड्ड्यात किंवा बंद खोलीत तो खाली साचतो व प्राणवायूस बाजूस सारतो. खड्ड्यात काम करणारा माणूस कळण्याआधीच बेशुद्ध होऊ शकतो. आर-१३४ए सहज पेटत नाही, परंतु ज्वाळेत वा तापलेल्या धातूवर सापडल्यास त्यापासून विषारी व दाहक वायू बनतात. म्हणून गॅस भरलेल्या नळीजवळ वेल्डिंग करू नये व गळती शोधण्यासाठी काडी पेटवू नये. काही नव्या वाहनांत आर-१२३४वायएफ नावाचा वायू असतो. तो पेट घेऊ शकतो, म्हणून तेथे अधिकच दक्षता घ्यावी.

मालकाने व चालकाने स्वतः करावयाची कामे

केबिन नीट गार होत नसेल तर लागलीच गॅसवर संशय घेऊ नये. शेतात चालणाऱ्या वाहनात दोष कित्येकदा धुळीचा असतो, आणि त्याचा उपाय नळी न खोलता करता येतो. पुढील कामे इंजिन बंद करून, किल्ली काढून व यंत्र निवल्यावर करावीत. काही वाहनांतील विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप फिरू लागतो, म्हणून त्यात हात घालू नये. उपरणे, पदर, सैल बाही व हातातील कडे पट्ट्याजवळ नेऊ नये.

१. कंडेन्सरची जाळी साफ करावी. पाचट व फुफाटा यांनी जाळी बुजली म्हणजे वायू निवत नाही, दाब वाढतो व गारवा घटतो. मऊ ब्रशने किंवा हवेच्या बेताच्या झोताने, आतील बाजूकडून बाहेरच्या बाजूस साफ करावे. डोळ्यांवर चष्मा असावा. पाण्याचा जोरदार फवारा मारू नये, कारण जाळीच्या पातळ पत्र्या वाकतात व हवेचा मार्ग बंद होतो. तोडणीच्या हंगामात हे काम रोज करणे उत्तम.

२. केबिनचा फिल्टर काढून झटकावा व खराब झाल्यास बदलावा. फिल्टर बुजला म्हणजे हवा कमी येते व कॉइलवर बर्फ धरतो. साधा फिल्टर धूळ अडवितो, परंतु कीटकनाशकाची वाफ अडवीत नाही. तेव्हा केबिन बंद आहे म्हणून फवारणीच्या वेळी औषधाच्या वेष्टनावर सांगितलेली संरक्षक साधने सोडू नयेत.

३. कॉम्प्रेसरचा पट्टा पाहावा. त्यास चिरा पडल्या असतील किंवा तो सैल झाला असेल तर वाहनाच्या पुस्तिकेप्रमाणे बदलून वा ताणून घ्यावा.

४. नळ्यांचे जोड नजरेने तपासावेत. जोडावर तेलकट डाग पडून त्यावर धूळ चिकटली असेल तर तेथे गळती असण्याचा संभव आहे. ती जागा खडूने खूण करून कारागिरास दाखवावी. जोड स्वतः आवळू नये.

५. वाहनाखाली स्वच्छ पाणी ठिबकत असेल तर घाबरू नये. ते कॉइलवर जमलेले हवेतील बाष्प होय. तेच पाणी केबिनमध्ये सांडू लागल्यास निचऱ्याची नळी तुंबली आहे असे समजावे.

६. थंडीच्या दिवसांतही पंधरवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा. त्यामुळे वंगण फिरते व कॉम्प्रेसरमधील सील कोरडे पडत नाही.

इतके करूनही गारवा येत नसेल तर पुढील काम प्रशिक्षित कारागिराचे आहे.

योग्य कारागीर कसा ओळखावा

यंत्र खोलण्यापूर्वी चांगला कारागीर आतील गॅस मशिनने सिलिंडरमध्ये काढून घेतो, तो हवेत सोडीत नाही. तो चष्मा व हातमोजे वापरतो. गळती शोधण्यासाठी साबणाचे पाणी, विजेवर चालणारा शोधक किंवा सुका नायट्रोजन यांचा उपयोग करतो. या कामी ऑक्सिजन कदापि वापरू नये. ऑक्सिजन व तेल दाबाखाली एकत्र आल्यास स्फोट होतो. नायट्रोजनचा सिलिंडरही दाब-नियंत्रक लावल्याशिवाय जोडू नये.

दुरुस्तीनंतर व्हॅक्युम पंप लावून आतील हवा व ओलावा काढून टाकावा लागतो. ही पायरी गाळली तर ओलावा झडपेत गोठून मार्ग अडवितो आणि तेलाशी मिळून आतील भाग गंजवितो. त्यानंतर गॅस वजन करून भरतात. कोणता गॅस व किती ग्रॅम, हे बहुधा बॉनेटखालील चिठ्ठीवर छापलेले असते. लहान मोटारीत तो सामान्यतः अर्ध्या किलोच्या आसपास लागतो. मोठ्या यंत्रात त्याहून अधिक लागतो. जास्त गॅस भरल्याने अधिक गारवा येत नाही, उलट दाब वाढून यंत्र बिघडते.

मालकाने कारागिरास तीन प्रश्न अवश्य विचारावेत. गळती कोठे सापडली? व्हॅक्युम किती वेळ लावला? कोणता गॅस किती ग्रॅम भरला? याची उत्तरे पावतीवर लिहून घ्यावीत.

स्वस्त पडतो म्हणून स्वयंपाकाचा गॅस एसीमध्ये भरण्याचा मोह कोणी दाखविल्यास ठाम नकार द्यावा. तो ज्वालाग्राही आहे. कॉइल केबिनमध्येच असल्याने गळलेला गॅस चालकाभोवती साचतो. मग विडीची ठिणगी किंवा बटणातील विजेची ठिणगी स्फोटास पुरेशी होते. गॅसचा सिलिंडर गरम करण्यासाठी जाळावर धरणे किंवा उन्हात ठेवणे हेही तितकेच घातक आहे.

विजेवर चालणाऱ्या वाहनांत कॉम्प्रेसरलाही मोठ्या दाबाची वीज पुरविलेली असते. त्यातील नारिंगी रंगाच्या तारांना अप्रशिक्षित माणसाने स्पर्श करू नये.

गॅस हवेत का सोडू नये

जुन्या वाहनांत आर-१२ हा वायू असे. असे वायू वातावरणाच्या वरच्या थरातील ओझोन नष्ट करतात, हे मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवून दिले. त्यातून १९८७ साली माँट्रियल येथे आंतरराष्ट्रीय करार झाला व १९९२ साली भारत त्यात सामील झाला. आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही, परंतु हवेत सोडल्यास तो कार्बन डाय ऑक्साइडच्या तेराशेपटींहून अधिक तापमान वाढवितो. म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीप्रमाणे अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटविण्याचे ठरले. भारताने ती दुरुस्ती २०२१ साली मान्य केली. पावसाच्या लहरीपणाची झळ अवर्षणप्रवण तालुक्यांतील शेतकऱ्यास जितकी कळते तितकी इतरांस क्वचितच कळत असेल. तेव्हा गॅस जपणे हे त्याच्याही हिताचे आहे.

एसी लावून बंद केबिनमध्ये झोपू नये

गाळपाच्या हंगामात कारखान्याच्या आवारात वाहने पाळी येईपर्यंत तासन्‌तास उभी राहतात. काही चालक इंजिन व एसी चालू ठेवून काचा बंद करून झोपी जातात. इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्यास रंग नाही व वासही नाही. धुराची नळी फुटली असेल, वाहन बंद शेडमध्ये असेल किंवा शेजारच्या वाहनाचा धूर आत ओढला जात असेल, तर झोपलेला माणूस झोपेतच दगावतो. विश्रांती घ्यावयाची ती इंजिन बंद करून, काचा उघड्या ठेवून किंवा झाडाच्या सावलीत घ्यावी. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये.

अपघात झाल्यास

कातडीवर गॅस पडल्यास तो भाग कोमट पाण्यात धरावा. चोळू नये, शेकू नये व त्यावर तेल-तूप लावू नये. डोळ्यात गेल्यास स्वच्छ पाण्याने निदान १५ मिनिटे डोळा धुवावा व रोग्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे. कोणी खड्ड्यात किंवा केबिनमध्ये बेशुद्ध आढळल्यास एकट्याने आत उडी घेऊ नये. प्रथम इंजिन बंद करावे, दारे-खिडक्या उघडाव्यात, इतरांस हाक मारावी व मगच रोग्यास मोकळ्या हवेत आणावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

गाळप सुरू होण्यापूर्वी, दसरा-दिवाळीच्या सुमारास, गावातील ट्रॅक्टर व मालमोटारींचे मालक, चालक आणि स्थानिक मिस्त्री यांची एक बैठक घ्यावी. जाळी व फिल्टर साफ करण्याचे प्रात्यक्षिक एखाद्या वाहनावर करून दाखवावे. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मोटार किंवा रेफ्रिजरेशन शाखेच्या शिक्षकास बोलाविता आल्यास फारच उत्तम. गावातील होतकरू तरुणांना या शाखांचे शिक्षण घेण्यास उत्तेजन द्यावे. केबिनमधील एसी जसजसे वाढतील तसतशी जाणत्या कारागिरांची गरजही वाढणार आहे, व हा धंदा गावातच उभा राहू शकतो.

बैठकीत एवढे मात्र सर्वांच्या मनावर बिंबवावे की नळीच्या बाहेरील काम मालकाचे व चालकाचे, नळीच्या आतील काम प्रशिक्षित कारागिराचे. ही मर्यादा पाळली तर खर्च वाचेल, यंत्र टिकेल आणि काम करणारा माणूस सुखरूप राहील.