युरियाची गोणी आणि समुद्रावरचा वारा

जुलैत पावसाने उघडीप दिली की शेलूबाजारच्या कृषी सेवा केंद्रांसमोर फजरच्या नमाजनंतर लगेच रांग लागते. मागच्या खरिपात आम्हीही त्या रांगेत होतो. पऱ्हाटीला युरिया हवा होता. 45 किलोच्या गोणीची किंमत 266 रुपये 50 पैसे. पण दुकानदार म्हणाला, सोबत हे औषधाचे पाकीटही घ्यावे लागेल. याला ‘लिंकिंग’ म्हणतात. आम्ही गुपचूप घेतले. घरी अम्मींनी विचारले, ‘‘एवढ्या मारामारीने आणले, ते बनते तरी कशापासून?’’

हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन एकत्र आणले की अमोनिया बनतो. त्याला कार्बन डायऑक्साइड जोडला की युरिया. नायट्रोजन हवेत भरपूर आहे. महाग पडतो तो हायड्रोजन, आणि तो आपल्याकडे मुख्यतः नैसर्गिक वायूपासून काढतात. अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्याला हा वायू बॉम्बे हायहून, म्हणजे समुद्राच्या तळाखालून मिळाला. आता देशाला पुरत नाही म्हणून तो परदेशातून जहाजांनी दहेज, दाभोळला उतरतो. युक्रेनचे युद्ध पेटले तेव्हा त्याचे भाव कसे भडकले, ते सर्वांनी पाहिले. तेव्हा आपण समुद्रापासून कितीही दूर असलो तरी आपल्या शेतात समुद्र कधीचाच पोहोचला आहे.

त्याच समुद्रावरच्या वाऱ्यातून हायड्रोजन काढता येईल का? युक्ती सोपी आहे. पेल्यात पाणी, चिमूटभर खायचा सोडा, पेन्सिलीची दोन शिसे आणि 9 व्होल्टची बॅटरी. एका शिसावर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, दुसऱ्यावर ऑक्सिजनचे. मुले मीठ टाकायला धावतात, त्यांना अडवावे लागते. मिठाने विषारी क्लोरीन निघतो. म्हणूनच समुद्रावरच्या यंत्रातही आधी पाण्यातले मीठ काढावे लागते.

वाऱ्यावर हा प्रयोग पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर करणारा एक शिक्षकच होता, याचा आम्हाला थोडा अभिमान वाटतो. डेन्मार्कमधल्या आस्कोव्ह गावचे पॉल ला कूर. 1891 मध्ये त्यांनी पवनचक्की उभारली, तिच्या विजेने पाण्याचे विघटन केले आणि 1895 पासून काही वर्षे त्याच हायड्रोजनवर शाळेचे दिवे पेटवले. मधूनमधून स्फोट होऊन खिडक्यांच्या काचा फुटत. आमच्या शाळेत असे झाले असते तर पालकसभेत काय ऐकावे लागले असते, कल्पनाच करवत नाही!

समुद्रात हे घडायला 2023 साल उजाडले. फ्रान्सच्या ल क्रोआझिक किनाऱ्यापासून सुमारे 20 किलोमीटर आत, ‘सीलाइफ’ नावाच्या तरंगत्या यंत्राने जूनमध्ये पहिला हायड्रोजन तयार केला. शेजारीच तरंगती पवनचक्की होती. किनाऱ्यापासून लांब पवनचक्क्या असतील तर वीज आणण्याच्या केबलचा खर्च फार, म्हणून तिथेच हायड्रोजन करून नळाने आणावा, हा त्यामागचा विचार. यंत्राची क्षमता दिवसाला 400 किलो.

आम्ही वहीवर हिशोब मांडला. एका गोणी युरियात साडेचार किलो हायड्रोजन लागतो. म्हणजे त्या यंत्राचा दिवसभराचा हायड्रोजन जेमतेम 88 गोण्यांचा; आमच्या एका दुकानापुढच्या रांगेलाही अपुरा. शिवाय एका किलोला 50 ते 55 युनिट वीज, म्हणजे गोणीमागे सव्वादोनशे युनिट तरी लागणार. 266 रुपये 50 पैसे ही खरी किंमत नव्हेच, बाकीचा भार सरकारी अनुदान उचलते. तरीही समुद्रावरचा हायड्रोजन आज त्याहून महागच पडेल. आणखी एक अडचण म्हणजे युरियासाठी लागणारा कार्बन डायऑक्साइड आज त्याच नैसर्गिक वायूपासून मिळतो. वायू सोडला तर तो दुसरीकडून आणावा लागेल. डीएपीला ही अडचण नाही. त्याला अमोनिया पुरतो.

जून 2024 मध्ये केंद्राने समुद्रातल्या 1,000 मेगावॅट पवनऊर्जेसाठी 7,453 कोटींचे साहाय्य मंजूर केले. त्यातले निम्मे मेगावॅट गुजरातला, निम्मे तमिळनाडूला. आपल्या कोकणाचे नाव त्यात नाही. राज्याने 2023 मध्ये हरित हायड्रोजनसाठी 8,562 कोटींचे धोरण मंजूर केले आहे.

अम्मींनी सगळे ऐकून घेतले. म्हणाल्या, ‘‘म्हणजे यंदाही रांग आहेच.’’

आहे. म्हणून शेणखताच्या दोन ट्रॉल्या आम्ही आधीच सांगून ठेवल्या आहेत.