आजारातून उठलेल्या माणसासाठी फुलं निवडताना

पावसाळा सरत आला की आमच्या माजिवड्याच्या शाळेत हजेरीपटावर डेंग्यूच्या रजा दिसू लागतात. सातवीतला एक मुलगा दवाखान्यातून घरी आला, तेव्हा वर्गाने प्रत्येकी 10 रुपये काढले आणि मुलं विचारायला आली, "बाई, बुके कोणता घ्यायचा?" मी म्हटलं, कोणताही चालेल. संध्याकाळी त्याच्या आईचा फोन. "बाई, फुलं नका आणू म्हणावं. रात्री ऑक्सिजन ओढतात ना ती. आणि सासूबाई म्हणतात, पांढरी तर नकोच." दुसऱ्या दिवशी विज्ञानाचा तास यावरच गेला. पालकांचे हे प्रश्न नेहमीचे आहेत, म्हणून तो तास इथे लिहून ठेवते.

आधी ऑक्सिजनचं. झाड रात्री श्वसन करतं हे खरं, खुडलेलं फूलही करतं. पण एका गुच्छाचं श्वसन इतकं किरकोळ असतं, की खोलीत सोबतीला झोपणारा माणूस त्याच्या कितीतरी पट ऑक्सिजन वापरतो. त्या माणसाला आपण बाहेर काढत नाही! ही भीती फार जुनी आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859च्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकात तिची चक्क थट्टा केली आहे. स्वतः तापाने आजारी असताना कुणी रानफुलांचा गुच्छ पाठवला आणि तेव्हापासून आपण लवकर सुधारू लागलो, अशी आठवणही त्यांनी लिहिली. मात्र त्याच ठिकाणी त्या सांगतात, की लिलीसारख्या काही फुलांचा वास रोग्याला सोसत नाही म्हणतात, ती टाळावीत. म्हणजे प्रश्न ऑक्सिजनचा नाही, नाकाचा आहे.

कावीळ, टायफॉइड किंवा जड औषधं चालू असताना मळमळ असते. कोविडनंतर तर काहींना ओळखीचे वासच वेगळे, घाणेरडे येऊ लागले होते. अशा माणसाच्या बंद खोलीत निशिगंधाच्या काड्या ठेवल्या, की प्रेमाने आणलेली ती फुलं तासाभरात गॅलरीत जातात. निशिगंध, मोगरा, लिली, सोनचाफा ही फुलं चांगलीच, पण या वेळेची नव्हेत. जर्बेरा, कार्नेशन, ऑर्किड, अबोली यांना वास जवळजवळ नसतो. बाजारातल्या लांब दांड्याच्या गुलाबांनाही बेताचाच असतो. दम्याचा रोगी असेल, तर जर्बेरा-शेवंती घेण्याआधीही घरी विचारावं. आणि एक गोष्ट दुकानात आवर्जून सांगायची: "दादा, वरून सेंट मारू नका, चमकी नको." न सांगितल्यास बऱ्याचदा मारतातच.

आजीला सोनचाफाच हवा असेल तर? वसईकडचा सोनचाफा आपल्याकडे मिळतो. एकच फूल बशीत ठेवून द्यावं. नको झालं तर बशी उचलता येते.

आता पाणी. आमचा तास इथेच खरा रंगला. डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी स्वच्छ, साचलेल्या पाण्यापाशी अंडी घालते, आणि फुलदाणी म्हणजे नेमकं तेच. अंड्यापासून डास व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात. म्हणून तर आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा असं सांगतात. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर, भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही काही महिने टिकतात. म्हणून भांडं आतून घासावं लागतं. स्पंजवर रचलेल्या टोपलीत तर तळाशी साठलेलं पाणी दिसतही नाही.

डेंग्यूच्या विषाणूचे 4 प्रकार आहेत. एकदा होऊन गेलेल्याला पुढे दुसऱ्या प्रकाराचा डेंग्यू झाला, तर तो गंभीर होण्याचा धोका वाढतो. म्हणजे नुकत्याच उठलेल्या या मुलाच्या उशाशी पंधरा दिवस विसरलेली फुलदाणी ठेवणं, हे इतर कुठल्याही घरापेक्षा इथे जास्त वाईट. हे फळ्यावर लिहिलं तेव्हा वर्ग एकदम शांत झाला.

तसं पाहिलं तर आपल्या घरांत फुलं पाण्यात ठेवायची रीत फारशी नव्हतीच. परडीत आणायची, वाहायची, माळायची, दुसऱ्या दिवशी निर्माल्य. परडीभर सुटी फुलं रोग्याच्या टेबलावर दिवसभर छान दिसतात आणि पाण्याचा प्रश्नच येत नाही. मला स्वतःला हे बुकेपेक्षा आवडतं.

काही घरी मात्र फुलं न्यायचीच नाहीत. केमोथेरपी चालू असेल किंवा अवयव बदलला असेल, तर प्रतिकारशक्ती फार कमी असते. 1973 साली टॅप्लिन आणि मर्ट्झ यांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवलं होतं, की रुग्णालयातल्या फुलदाण्यांच्या पाण्यात जंतू भरपूर वाढतात. कुंडीतल्या मातीत बुरशी असते, म्हणून रोपटंही नको. साध्या दुखण्यातून उठलेल्याला याची भीती नाही. फक्त पाणी बदलायचं काम दुसऱ्या कुणी करावं आणि हात धुवावेत.

राहिल्या सासूबाई. पांढऱ्या फुलांत शास्त्रीय दोष काही नाही. पण अंत्ययात्रेत पाहिलेली फुलं उशाशी नकोत असं आजारी घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटलं, तर त्यावर वाद घालायची ही जागा नव्हे. रंगीत घ्यावीत, आणि हार तर नकोच.

एका मुलाने सुचवलं, "बाई, विकत कशाला, रस्त्याच्या कडेची कण्हेर तोडू की!" बरं झालं विचारलं. तांबडी असो की पिवळी, कण्हेरीचं सगळं झाड विषारी. पिवळीच्या बिया तर फारच. रोग्याच्या घरी रांगतं मूल असू शकतं. लगेच दुसरीने विचारलं, आणि मांजर असेल तर? मांजराला लिली घातक असते, फुलदाणीतलं पाणी चाटलं तरीसुद्धा.

शेवटी दोघी जणी एकीच्या आईबरोबर जांभळी नाक्याला जाऊन सुटी पिवळी-तांबडी शेवंती घेऊन आल्या. परडी आमच्या स्टाफरूममधली. त्याच्या आजीने त्यातली दोन फुलं आधी देवाला वाहिली आणि मग परडी त्याच्या पलंगाशी ठेवली. उरलेल्या पैशांची मोसंबी घेतली.