पडद्यावरची मोटार

सोलापूरच्या विजापूर रस्त्यावर मोटार चालवायची, तर वयाची १८ वर्षे पुरी हवीत आणि परीक्षाही द्यायला हवी. तिचा सराव संगणकावरच्या सिम्युलेटरवर होतो. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रात तो असावाच लागतो.

समजा, पडद्यावर म्हैस आडवी आली. वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, की मोटार १० मीटर पुढे! मग ब्रेकने ती २ सेकंदांत थांबली, तर आणखी १० मीटर. वेग दुप्पट केला, की तेवढ्याच ब्रेकने हे दुसरे अंतर ४० मीटर होते. संगणक हे गणित चोख करतो. पण खऱ्या मोटारीत ब्रेक लागताच जडत्वामुळे तुम्ही पुढे झुकता. खोलीतल्या स्थिर खुर्चीत तो हिसका नाही. ब्रेक किती दाबावा, हे शरीर त्या हिसक्यावरूनही शिकते.