बायबल आणि पुराव्याचे माप

सुशिक्षित मराठी माणसाशी बायबलविषयी बोलू लागले की दोन विधाने हमखास ऐकू येतात. पहिले असे की, ते सगळे तीनशे वर्षांनी लिहिले गेले. रोमच्या सम्राटाने परिषद भरवली आणि येशूला देव करून टाकले. दुसरे असे की, ते भाषांतराचे भाषांतर आहे. मुळात काय होते कुणाला ठाऊक? अशी विधाने करणारी माणसे बेजबाबदार नसतात. शिवजन्माच्या तिथीवरून ती तासभर साधार वाद घालू शकतात. इथे मात्र आधार मागावा असे त्यांना वाटत नाही. दुसऱ्याच्या धर्मग्रंथाबाबत आपण एकतर भाबडे असतो, नाहीतर बेफिकीर. दोन्हींत एक सोय असते. तपासण्याचे कष्ट वाचतात.

मी ख्रिस्ती नाही. पण माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली आणि त्यातली बरीचशी शाखांच्या तपासणीत. तपासनिसाला दोन प्रश्न वेगळे ठेवण्याची सवय लागते. हा कागद अस्सल आहे का, हा एक प्रश्न. आणि कागदावर लिहिलेले खरे आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘हो’ आले म्हणून दुसऱ्याचे आपोआप ‘हो’ होत नाही. पण पहिला प्रश्न न विचारताच दुसऱ्यावर ‘नाही’ असा शेरा मारणे, हेही तपासणीत बसत नाही. बायबलचा जुना करार हा अनेक शतकांत तयार झालेला ग्रंथसंग्रह आहे. त्याची तपासणी पुस्तकागणिक वेगळी करावी लागते. म्हणून इथे नव्या करारापुरतेच बोलतो.

प्रथम कागद. येशूच्या चरित्राची, म्हणजे शुभवर्तमानांची, मूळ प्रत आज उपलब्ध नाही. पण मूळ प्रत ज्ञानेश्वरीचीही नाही. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या त्या ग्रंथाची शुद्ध प्रत एकनाथांना शके १५०६ मध्ये करावी लागली, कारण मधल्या काळात पाठ बिघडले होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती बाराशेहून अधिक हस्तलिखिते जमवून. या कामामागचे तत्त्व वरवर उलटे वाटते. प्रती जितक्या जास्त, तितके पाठभेद जास्त. आणि स्वतंत्र प्रतींतले पाठभेद समोर असले, तरच मुळाकडे जाण्याची वाट सापडते. एकच प्रत उरली असेल तर पाठभेद शून्य. पण ती एकच प्रत बिघडलेली असली तर ते कळणार कसे?

नव्या कराराची ग्रीक हस्तलिखिते पाच हजारांवर आहेत. त्यांतली बहुतेक मध्ययुगीन आणि कित्येक तर नुसते तुकडे आहेत, हे खरे. पण चौथ्या शतकातल्या दोन मोठ्या पोथ्या शिल्लक आहेत. एक व्हॅटिकनमध्ये, दुसरी सिनाई पर्वताच्या पायथ्याच्या सेंट कॅथरिन मठातली, जिचा मोठा भाग १९३३ साली ब्रिटनने सोव्हिएत सरकारकडून एक लाख पौंडांना विकत घेतला. त्याहून जुने पपायरसचे कागद इजिप्तच्या कोरड्या वाळूत मिळाले. मँचेस्टरच्या रायलँड्स ग्रंथालयात तळहातात मावेल एवढा एक तुकडा आहे. त्यावर योहानाच्या शुभवर्तमानातला, येशू रोमन सुभेदार पिलातासमोर उभा असल्याचा प्रसंग आहे. १९३५ साली तो प्रसिद्ध झाला तेव्हा त्याचा काळ दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध ठरवला गेला. आजचे काही अभ्यासक तो आणखी अर्धशतक किंवा थोडा अधिक पुढे ओढतात. ओढू द्या. तरीही सम्राट कॉन्स्टंटाईनच्या परिषदेच्या बऱ्याच आधी हे शुभवर्तमान इजिप्तमध्ये वाचले जात होते, एवढे उरतेच.

आता याच्या शेजारी रोमन इतिहासकार टॅसिटस ठेवून पाहा. नीरोच्या काळातली रोमची आग आणि त्यानंतर ख्रिस्ती लोकांचा झालेला छळ त्याने इ. स. ११६ च्या सुमारास लिहून ठेवला. तिबेरियसच्या कारकिर्दीत पिलाताने ‘ख्रिस्तुस’ला देहान्त शासन दिले, ही नोंदही त्याच ठिकाणी आहे. त्याच्या ग्रंथाचा हा भाग आपल्यापर्यंत आला तो अकराव्या शतकातल्या एका हस्तलिखितातून. मधले अंतर नऊशेहून अधिक वर्षांचे. म्हणून टॅसिटस अडगळीत टाकावा असे कोणी म्हणत नाही. मग एकाला एक माप आणि दुसऱ्याला दुसरे का?

फेरफार झालेच नाहीत असे मात्र नव्हे. मार्कच्या शुभवर्तमानाची शेवटची बारा वचने त्या दोन्ही जुन्या पोथ्यांत नाहीत. व्यभिचारात सापडलेल्या स्त्रीला येशू वाचवतो, ही आपल्याकडेही माहीत असलेली कथा योहानाच्या सर्वांत जुन्या प्रतींत नाही. पण ही भर पकडली कोणी? बहुतांशी ख्रिस्ती पंडितांनीच, आणि ती पकडता आली याचे कारण प्रती विखुरलेल्या होत्या. पहिल्या तीन शतकांत इजिप्त, सीरिया, रोम इथल्या मंडळ्यांवर हुकूम चालवणारी एकच मुख्य कचेरी नव्हती. सगळ्या शाखांच्या खातेवह्या एका रात्रीत मागवून बदलणे तेव्हा कुणालाच शक्य नव्हते. भाषांतराच्या भाषांतराचा आक्षेप तर आपल्याच प्रांतात खोटा ठरला आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरूनच मराठी बायबल सिद्ध केले.

कागदाचे एवढे पुरे. आता त्यावरची सर्वांत जुनी नोंद कधीची, ते पाहू.

ग्रीसमधल्या डेल्फी येथे एका शिलालेखाचे तुकडे मिळाले आहेत. सम्राट क्लॉडियसचे ते पत्र आहे आणि त्यात प्रांताधिकारी गल्लियो याचा उल्लेख आहे. हा तत्त्ववेत्ता सेनेकाचा भाऊ. पत्रावरून त्याच्या अधिकाराचा काळ इ. स. ५१-५२ च्या सुमाराचा ठरतो. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पौलाला करिंथ शहरात याच गल्लियोसमोर उभे केल्याची हकिगत आहे. म्हणजे पौल करिंथमध्ये कधी होता, याची तारीख दगडावरून मिळते. पुढे दोन-चार वर्षांतच त्याने करिंथकरांना पत्र लिहिले. हे पत्र पौलाचेच आहे, याबद्दल श्रद्ध-अश्रद्ध अभ्यासकांत जवळपास एकमत आहे.

त्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल करिंथकरांना एका जुन्या शिकवणुकीची आठवण देतो. येशू मेला, त्याला पुरले, तिसऱ्या दिवशी तो उठवला गेला, पेत्राला दिसला, मग बारा जणांना, मग पाचशेंहून अधिक लोकांना, मग याकोबाला. हे आपण स्वतः रचलेले नाही, आपल्याला जे मिळाले तेच आपण सोपवले, असे तो बजावतो. घेणे आणि सोपवणे हे शब्द त्या काळच्या यहुदी गुरुपरंपरेतले आहेत. मौखिक परंपरेच्या देशात वाढलेल्या आपल्याला त्यांचे वजन समजायला हरकत नसावी. आणि मिळाले कोणाकडून? गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की, तो येरुशलेमला पेत्राकडे पंधरा दिवस राहिला आणि येशूचा भाऊ याकोब यालाही भेटला. येशूला क्रूसावर दिले ते इ. स. ३० किंवा ३३ च्या सुमारास. पुनरुत्थानावर विश्वास नसलेले गेर्ड ल्यूडेमान यांच्यासारखे अभ्यासकही या सूत्राचा गाभा घटनेनंतरच्या पहिल्या काही वर्षांतला मानतात.

याचा अर्थ काय? गोष्ट पिढ्यान् पिढ्या तोंडातोंडी फुगत गेली आणि माणसाचा देव झाला, हे स्पष्टीकरण इथे लागू पडत नाही. फुगायला पिढ्याच नाहीत. त्या पाचशेंपैकी बहुतेक जण अजून हयात आहेत, असेही पौल लिहितो. नावे देत नाही, आणि तपासनीस म्हणून मी ती उणीव नोंदवून ठेवीन. पण खोटा हिशेब लिहिणारा माणूस हयात साक्षीदारांकडे सहसा बोट दाखवत नाही.

परिषदेविषयीही असेच आहे. निकाया येथे ती भरली इ. स. ३२५ मध्ये. तिथला वाद येशूला देवपण द्यावे की नाही, असा नव्हता; पुत्र पित्याच्या बरोबरीचा की पित्याने निर्माण केलेला, असा होता. २००३ साली आलेल्या ‘द दा विंची कोड’ या कादंबरीने त्याला मतदानाने देव केल्याची कल्पना घरोघरी नेली. कादंबरीकाराला ती मोकळीक असते. मीही ती घेत आलो आहे. पण इ. स. ११२ च्या सुमाराचे एक पत्र पाहा. आजच्या तुर्कस्तानच्या उत्तरेकडील बिथुनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी सम्राट ट्रेजनला विचारतो की, या ख्रिस्ती लोकांचे काय करू? शाखाधिकाऱ्याने मुख्य कचेरीकडे मार्गदर्शन मागावे, तसे ते पत्र आहे. खरे काय ते कळावे म्हणून त्याने दोन दासींचा छळही केला आहे. हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात आणि शपथ घेतात. चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, आणि कुणी विश्वासाने ठेवलेली ठेव मागितल्यावर नाकारणार नाही. या शेवटच्या कलमाशी माझ्यासारखा बँकवाला थबकणारच. सम्राटाचे उत्तरही कचेरीच्या शिस्तीतले आहे. मुद्दाम शोधून काढू नका, निनावी तक्रारी घेऊ नका. निकाया परिषदेला अजून दोनशेहून अधिक वर्षे होती.

दगडही थोडे बोलतात. १९६१ साली कैसरिया येथे पिलाताच्या नावाचा शिलालेख मिळाला. १९६८ साली येरुशलेमजवळच्या एका कौटुंबिक थडग्यात, खिळा तसाच अडकलेले टाचेचे हाड सापडले. क्रूसावर दिलेल्याचे प्रेत कधीच पुरू दिले जात नसे, या आक्षेपाला त्याने उत्तर मिळाले. उलट बाजूही सांगितली पाहिजे. येशूच्या जन्मवेळची म्हणून लूक जी शिरगणती सांगतो, ती आणि हेरोद राजाचा मृत्यू यांच्यात सुमारे दहा वर्षांचे अंतर पडते. ते पटेल असे बुजवणे अजून कुणाला जमलेले नाही. मत्तय आणि लूक यांनी मार्कचा मजकूर वापरला आहे, तेव्हा त्या तिघांना तीन स्वतंत्र साक्षी म्हणता येत नाही.

तरीही कथा रचणारा माणूस म्हणून मला एक गोष्ट राहून राहून जाणवते. रिकामे थडगे प्रथम पाहतात त्या स्त्रिया, आणि हे चारही शुभवर्तमानांत आहे. ज्या समाजात स्त्रीच्या साक्षीला किंमत नव्हती, तिथे कोण कल्पक लेखक असे साक्षीदार निवडील? दुसऱ्या शतकातल्या सेल्सस या टीकाकाराने नेमकी याचीच टिंगल केली. ज्या पेत्राच्या शब्दावर मंडळी उभी राहिली, तो पेत्र भीतीने तीनदा गुरूला नाकारतो, हेही झाकलेले नाही. गैरसोयीची नोंद खोडलेली नसली, की वहीवरचा विश्वास थोडा वाढतो.

आता दुसरा प्रश्न, कागदावर लिहिलेले खरे आहे का? त्या माणसांना आपला गुरू मरणानंतर भेटल्याची खात्री होती आणि ती अगदी पहिल्यापासून होती, एवढे पुरावा सांगतो. त्यांना काय दिसले, हे तो सांगू शकत नाही. तिथे इतिहासकाराची हद्द संपते आणि ज्याच्या त्याच्या श्रद्धेची किंवा नकाराची सुरू होते. पण तो नकारही मग समोरच्या पुराव्याला सामोरा जाऊन द्यावा लागेल. ‘तीनशे वर्षांनी कुणीतरी लिहिले’ एवढ्यावर भागणार नाही. उद्या आपल्या संतांची आणि आपल्या पोथ्यांची तपासणी दुसऱ्या कुणी करू लागला, तर तो कोणते माप घेऊन येईल, असे आपल्याला वाटते? तेच आज आपल्या हाती असावे.